झिजलेला गेज: लॉट परत आल्यापासून पाच लॉट पास होईपर्यंत

१८ जून २०२४. दुपारी सव्वाचारला मी जीएसटीचा थ्री-बी रिटर्न भरत बसले होते, वीस तारीख तोंडावर आली होती. तेवढ्यात महाप्याच्या आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा मेल आला. चार ओळींचा. लॉट २४०० नग, तपासलेले नमुने १२५, दोषी ९, बोअर अंडरसाइज (आतलं भोक मापापेक्षा लहान), लॉट रिजेक्ट. आणि शेवटी, पुढची सूचना येईपर्यंत नवीन माल पाठवू नये.

मी आधी भागाकार केला. १२५ मध्ये ९ म्हणजे सात टक्के. नव्वदहून जास्त टक्के माल चांगला असताना सगळाच परत का पाठवायचा, याचा मला राग आला. बाबांना दाखवलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. हात पुसले, चष्मा लावून मेल दोनदा वाचला आणि म्हणाले, "उद्या आपला गेज घेऊन जाऊ." गेज म्हणजे माप तपासायचं साधन.

आमचा गाळा ठाण्यात वागळे इस्टेटला. एमआयडीसीची ही पहिली वसाहत. बाबांनी इथे १९८९ मध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात केली. आज दोन सीएनसी, एक होनिंग मशीन (भोक आतून घासून किंचित मोठं करणारं) आणि सात माणसं आहेत. मी बी.कॉम., २०१७ पासून हिशेब, खरेदी आणि डिस्पॅच बघते. मोजमाप हे बाबांचं आणि मामांचं काम. मामा म्हणजे आमचे सेटर, मशीन लावून देणारे, चोवीस वर्षं आमच्याकडे आहेत. त्या रात्री मी मोबाइलवर खूप शोधलं. लॉट परत आल्यावर छोट्या कारखान्याने नेमकं काय करायचं, किती दिवस लागतात, किती पैसे जातात, हे आपल्या भाषेत सांगणारं काही सापडलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी वस्तू सांगते. आमचा बुश म्हणजे ईएन ८ पोलादाची जाड नळी. आतून शाफ्ट फिरतो. ड्रॉइंगवर बोअर '२० एच ७' आहे, म्हणजे आतला व्यास २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या मध्येच हवा. एकूण सूट २१ मायक्रॉन. केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. हे मशीनवर डोळ्यांनी कळत नाही, म्हणून प्लग गेज वापरतात. त्याचं एक टोक 'गो', खालच्या मापाचं, ते बोअरमध्ये सहज गेलं पाहिजे. दुसरं 'नो-गो', वरच्या मापाचं, ते जाता कामा नये. बुश हातात घ्यायचा, दोन्ही टोकं लावून बघायची, दोन सेकंदांत निकाल.

१९ तारखेला सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून कोपरखैरणेला उतरलो आणि रिक्षाने महाप्याला गेलो. पाऊस सुरू झाला होता. बाबांच्या मांडीवर गेजची लाकडी पेटी, माझ्या पिशवीत त्याच लॉटमधले उरलेले दहा बुश. त्यांच्या तपासणी खोलीत एसी, मध्ये ग्रॅनाइटचं काळं टेबल. तिथल्या इन्स्पेक्टरने आमचा बुश घेतला आणि त्यांच्या गेजचं गो टोक लावलं. अडकलं. मग आमचा गेज लावला. अलगद गेला. त्यांनी तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी स्वतः दोन्ही लावून बघितले, पुन्हा लावले, आणि गेज टेबलावर ठेवला.

इन्स्पेक्टरने आमच्या गेजचं गो टोक तीन ठिकाणी मोजलं. १९.९९२, १९.९९३, पुढच्या कडेला १९.९९१. जे टोक २०.००० च्या आसपास असायला हवं, ते झिजून आठ मायक्रॉन खाली गेलं होतं.

मला हे तिथे, त्या थंड खोलीत, पहिल्यांदा समजलं. गो टोक हजारो वेळा बोअरमध्ये जातं, घासतं, झिजतं. नो-गो टोक बहुतेक वेळा आत जातच नाही, त्यामुळे ते तसंच राहतं. म्हणजे जुना गेज एकाच बाजूने खोटं सांगतो. घट्ट बोअरला 'ठीक आहे' म्हणतो, सैल बोअर मात्र बरोबर पकडतो. आमच्याकडे सैलची तक्रार कधीच आली नव्हती, म्हणून गेजवर कुणाला संशय आला नाही.

परतताना बाबांनी विचारलं, हा शेवटचा कॅलिब्रेट कधी केला होता? कॅलिब्रेट म्हणजे प्रमाण मापाशी ताडून बघणं. मी गाळ्यात येऊन फाइल काढली. शेवटचं बिल मे २०२१ चं होतं. लॉकडाउननंतर खर्च आवळताना ती ओळ मीच कापली होती, वर्षाचे सहा-सात हजार वाचवायला. मी बाबांना ते त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगताना घसा दाटून आला. ते म्हणाले, "मीपण विचारलं नाही ना तीन वर्षं."

२० जूनला माल परत आला. इथे एक कागदी गोष्ट, जी हिशेब बघणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. आपण उद्यम नोंदणी असलेले लघुउद्योजक असू तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे ग्राहकाने ठरल्या मुदतीत, आणि कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण हे दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. माल पोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल त्या दिवशी माल स्वीकारला असं धरतात. आमच्या बाबतीत हरकत पाचव्या दिवशीच आली होती, म्हणजे घड्याळ थांबलं होतं. म्हणून चलनावर पोचल्याच्या तारखेचा शिक्का घ्या, हरकतीचा मेल जपा, आणि दुरुस्त माल पुन्हा पाठवाल तेव्हाच्या चलनावरही तारखेचा शिक्का घ्या. छोटा हत्ती जाऊन-येऊन ३८०० रुपये आम्हालाच पडले. शिवाय त्यांची लाइन थांबली म्हणून १४,५०० रुपयांची डेबिट नोट आली. त्यावर मी वाद घातला नाही.

पहिला अहवाल ४८ तासांत द्यायचा होता. या कामात 'एट-डी' नावाचा आठ टप्प्यांचा अहवाल चालतो, त्यातला तिसरा टप्पा म्हणजे तात्पुरता बंदोबस्त. दोषी माल आणखी कुठे आहे, तो कसा अडवला. आमच्या गाळ्यात त्याच गेजने तपासलेले आणखी ६०० बुश होते. त्यांना लाल टॅग लावून बाजूला ठेवले. नवीन प्लग गेज, प्रमाणपत्रासकट, १९०० रुपये, मिळायला चार दिवस. तोपर्यंत सॉर्टिंग सुरूच करता येईना. ते चार दिवस सगळ्यात वाईट गेले. गाळ्यात मधोमध क्रेट रचलेले, चहा प्यायला कुणी बसत नव्हतं.

२४ ते २७ जून, दोन माणसं ओव्हरटाइमला, २४०० पैकी प्रत्येक बुश नव्या गेजने बघितला. १६३ अंडरसाइज निघाले. सात टक्क्यांच्या जवळ. १२५ नमुन्यांनी सांगितलेला आकडा आणि सगळा माल तपासून आलेला आकडा इतका जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा राग तिथे संपला. बोअर लहान असला तर होनिंग करून वाचवता येतो, मोठा झाला तर भंगार. १६३ पैकी १५१ वाचले, १२ गेले. ओव्हरटाइमचे ११,२०० रुपये. १ जुलैला लॉट परत पाठवला, ५ जुलैला स्वीकारला गेला.

पण नवीन ऑर्डर बंदच. कारण एप्रिलमध्येही त्यांनी आमचा एक लॉट चॅम्फरवर (तिरप्या कडेवर) बर, म्हणजे धातूची बारीक धार, राहिली म्हणून परत केला होता. आम्ही बर काढून दिली आणि विसरून गेलो होतो. त्यांच्या खात्यात मात्र लागोपाठच्या पाच लॉटपैकी दोन नापास अशी नोंद झाली होती. आयएस २५०० नावाच्या भारतीय मानकात नमुना तपासणीचे नियम आहेत, तिथे पाचांत दोन नापास झाले की साधी तपासणी बंद होऊन कडक तपासणी सुरू होते. लागोपाठ पाच लॉट पास झाल्यावरच पुन्हा साधी. त्यांनी मला हे समजावून सांगितलं आणि अटी पाठवल्या: मूळ कारणाचा पूर्ण अहवाल, सगळ्या उपकरणांचं कॅलिब्रेशन, मोजण्याच्या पद्धतीची परीक्षा, मग त्यांचं ऑडिट, आणि मग कडक तपासणीखाली पाच लॉट.

ते कोष्टक मी घरी आणून नीट वाचलं. १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटला नमुना १२५. त्यांनी ठरवलेला एक्यूएल, म्हणजे स्वीकारार्ह गुणवत्तेची पातळी, १.० होती. साध्या तपासणीत ३ दोषींपर्यंत लॉट पास, ४ झाले की नापास. कडक तपासणीत २ पर्यंत पास, ३ झाले की नापास. मी एक्सेलमध्ये संभाव्यता मांडून बघितली. साध्या तपासणीत १ टक्का खराब असलेला लॉट शंभरातून सुमारे ९६ वेळा पास होतो. ७ टक्के खराब असलेला जेमतेम २-३ वेळा. आणि ३ टक्के खराब असलेला जवळजवळ निम्म्या वेळा पास होतो! हा मधला आकडा मी बाबांना दाखवला. म्हणजे आमचे आधीचे जे लॉट पास झाले, ते चांगले होते म्हणून झाले की नशिबाने, हे आम्हाला माहीत नव्हतं. ग्राहकाच्या दारातल्या चाळणीवर आपण आपला माल चांगला आहे असं समजत होतो.

मूळ कारण शोधायला 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारतात. आम्ही बाबा, मामा आणि मी असे तिघं बसलो. बोअर लहान का झाला? बोरिंगचं इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, झिजत गेलं की बोअर आपोआप लहान होत जातो, आणि ऑफसेट, म्हणजे ती झीज भरून काढणारी मशीनमधली दुरुस्ती, दिला गेला नाही. का दिला नाही? गेज जात होता. का जात होता? तो झिजला होता. हे कळलं का नाही? कॅलिब्रेशन बंद होतं. का बंद होतं? गेज सांभाळणं हे आमच्याकडे कुणाचंच काम नव्हतं. मग मामांनी एक सहावा प्रश्न काढला, जो अहवालातला सगळ्यात मोलाचा ठरला. शेवटच्या तपासणीत का सापडलं नाही? कारण मशीनवर आणि शेवटी, दोन्हीकडे तोच एक गेज फिरत होता. जिथे चूक होते आणि जिथे ती पकडायची, तिथे एकच माप. मग दुसरी तपासणी ही तपासणीच नव्हती.

२ जुलैला अहवाल पाठवला. आता मशीनवर एक गेज आणि फायनलला वेगळा गेज असतो, दोघांवर वेगळे क्रमांक कोरलेले.

९ जुलैला चौदा उपकरणं कॅलिब्रेशनला गेली. प्लग गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल, हाइट गेज. एकूण ७३५० रुपये आणि वर जीएसटी, सात दिवस. इथे तीन गोष्टी सांगते. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे एवढंच बघून चालत नाही. तिची मान्यता नेमक्या कुठल्या उपकरणाला आणि कुठल्या मापापर्यंत आहे, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर 'स्कोप'मध्ये दिसतं, ते आधी बघा. दुसरं, पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख प्रमाणपत्रावर छापून येत नाही, आपण तशी मागणी केली नसेल तर. मी घाबरून फोन केला होता की तारीख राहून गेली. त्यांनी समजावलं की किती महिन्यांनी करायचं हे वापरणाऱ्याने ठरवायचं असतं, कारण उपकरण दिवसाला दहा वेळा वापरता की हजार वेळा हे त्यालाच माहीत. आम्ही गो गेजला सहा महिने आणि बाकीच्यांना एक वर्ष ठरवलं. तिसरं, प्रमाणपत्र आलं की फाइलला लावून मोकळं होऊ नका, त्यातली चूक किती आहे तो आकडा वाचा. आमचा बाबांचा आवडता ०-२५ चा मायक्रोमीटर आणि एक व्हर्नियर त्या आकड्यांवरून बाद करावा लागला. नवीन घ्यायला ६००० रुपये गेले. जुन्या गेजचं प्रमाणपत्रही आलं. १९.९९२.

जुलैच्या शेवटी तपासणीसाठी आठ बाय सहाची केबिन केली, जुना एसी, प्लायवूड, टेबल, उजेड, सगळं मिळून ४१,००० रुपये. आधी मला ही चैन वाटली होती. मापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं. मशीनमधून निघालेला बुश गरम असतो, आणि पोलाद गरम झालं की बोअरही मोठा होतो. २० मिलिमीटरच्या बोअरला १५ अंशांचा फरक म्हणजे साडेतीन मायक्रॉन. गरम बुशात थंड गेज सहज जातो आणि तासाभराने तोच बुश अडतो. सूट एकवीसच मायक्रॉनची, त्यातले साडेतीन असे जाणार. आम्हाला वीस अंश परवडत नाही, चोवीसवर ठेवतो. पण बुश आणि गेज दोन्ही पोलादाचे आणि दोन्ही त्याच खोलीत अर्धा तास ठेवलेले असले, तर दोघं सारखेच फुगलेले असतात आणि निकाल बरोबर येतो. हा अर्धा तास फुकट आहे, कुठल्याही छोट्या गाळ्याला जमेल.

१ ऑगस्टला आयटीआयमधून मशीनिस्ट झालेली एक मुलगी तपासणीला ठेवली, पगार १६,०००. ऑर्डर बंद असताना नवीन पगार सुरू करणं जड गेलं. या ग्राहकाचं काम आमच्या एकूण कामाच्या चाळीस टक्के होतं. बाबांनी एक एफडी मोडली. मला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं.

मग ती मोजण्याच्या पद्धतीची परीक्षा, गेज आर अँड आर. दहा बुश, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक बुश तीनदा मोजायचा, नव्वद आकडे. कुठला बुश आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्यावरून निघतं की जो फरक दिसतोय तो मालातला किती आणि मोजणाऱ्यांमुळे किती. मोजण्याचा वाटा १० टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तम, १० ते ३० मध्ये कामानुसार चालवून घेतात, ३० च्या वर चालत नाही. यासाठी डायल बोअर गेज (बोअरचं माप काट्यावर आकड्यात दाखवणारा) आणि तो जुळवायची सेटिंग रिंग घेतली, साडेबारा हजार. ६ ऑगस्टला आमचा निकाल आला ४१ टक्के.

त्या दिवशी मामांना फार लागलं. चोवीस वर्षं ज्याने मोजलं त्याला कागदाने सांगायचं की तुझं मोजणं चालत नाही. मी आकडे पुन्हा पुन्हा बघितले. मामांचे तिन्ही आकडे प्रत्येक वेळी एकमेकांच्या जवळ होते. फरक होता तो माणसामाणसांत. बोअर गेज आत घालून पुढे-मागे झुलवतात आणि काटा जिथून उलटा फिरतो तो सगळ्यात लहान आकडा घ्यायचा असतो. मामा तसंच करत होते. नव्या मुलीला ते कुणी दाखवलं नव्हतं, ती काटा थांबेल तो आकडा घेत होती. तिसरा ऑपरेटर बोअरच्या तोंडाशीच मोजत होता. मग मामांनी दोघांना दोन आठवडे शिकवलं. किती आत मोजायचं ते ठरलं, बुशावर मार्करने खूण करून त्याच दिशेत मोजायचं ठरलं, कारण बोअर किंचित लंबगोल असतो. २० ऑगस्टला १८ टक्के आले. ग्राहकाने मान्य केलं. मोजायचं कसं हे मामांच्या शब्दांत लिहून केबिनच्या भिंतीवर लावलं आहे.

ऑडिटची तारीख गणपतीनंतरची मिळाली, २४ सप्टेंबर. दोघं आले, सकाळी दहा ते चार. मी फायली घेऊन बसले होते, पण ते थेट मशीनवर गेले. त्यांनी नापास मालाच्या लाल पेटीतला एक बुश उचलून विचारलं, हा इथे का आहे? नोंद सापडायला दहा मिनिटं लागली. पेटीला कुलूपही नव्हतं, म्हणजे नापास माल कुणीही पुन्हा क्रेटमध्ये टाकू शकला असता. सात मुद्दे निघाले, त्यांतले दोन याच पेटीचे. मग त्यांनी मामांना विचारलं, "दर तासाच्या तपासणीत नो-गो आत गेला तर काय कराल?" मामा म्हणाले, "मशीन थांबवीन. मागच्या तासाचा चांगला पीस जिथे सापडला होता तिथपर्यंतचा सगळा माल वेगळा काढीन, मग ऑफसेट बघीन." ऑडिटरने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, हेच आम्हाला कागदावर हवंय. ते आमच्याकडे कागदावर नव्हतं, मामांच्या डोक्यात होतं. ९ ऑक्टोबरपर्यंत सातही मुद्दे मिटवून फोटोंसकट पाठवले.

दसऱ्याला मशीनची पूजा होते, तेव्हा बाबांनी या वेळी पाटावर गेज आणि मायक्रोमीटर पण मांडले, झेंडूची एकेक पाकळी ठेवून.

दर तासाचे पाच बुश मोजून नुसते आकडे लिहायचे नाहीत, आलेखावर ठिपका द्यायचा, ही सूचना ऑडिटमधली. मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. मे १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी असा आलेख पहिल्यांदा काढला, आमच्या या सगळ्याच्या शंभर वर्षं आधी. बाबांनी पेन्सिलीने ठिपके जोडले आणि आमचा बोअर शंभर बुशांमागे साधारण दोन मायक्रॉनने खाली उतरतो हे डोळ्यांना दिसलं. इतकी वर्षं ते हाताला माहीत होतं. आता २०.०१४ वर सुरू करतो आणि अडीचशे बुश झाले की ऑफसेट देतो, गेज अडायची वाट बघत नाही. आलेख केबिनमध्ये नाही, मशीनवर टांगलेला आहे. जो माल करतो त्याला तो आधी दिसायला हवा.

पहिला लॉट १७ ऑक्टोबर, दुसरा दिवाळीच्या तोंडावर २८ ऑक्टोबर, तिसरा १४ नोव्हेंबर. तिन्ही पास, तिन्हींसोबत आमचा स्वतःचा पीडीआय रिपोर्ट, म्हणजे पाठवण्याआधी आम्हीच काढलेल्या १२५ नमुन्यांचे आकडे.

चौथ्या लॉटला २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी साडेपाचला मुलगी केबिनमधून बाहेर आली. १२५ मध्ये एक बुश २०.०२३. नो-गो आत जातोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा टेम्पो ठरला होता. मी म्हणाले, कोष्टकाप्रमाणे दोन चालतात, एकच आहे, जाऊ दे. ती म्हणाली, "ताई, पण आपल्याला माहीत आहे ना आता." मला उत्तर आलं नाही. बाबांनी तासाचे कागद मागवले. दुपारी दोन ते तीनच्या मध्ये इन्सर्ट बदललं होतं आणि त्यानंतरच्या पहिल्या पीसची ओळ रिकामी होती. त्या तासापासूनचे २३० बुश बाजूला काढले. रात्री साडेनऊपर्यंत सगळे मोजले. १७ ओव्हरसाइज. बोअर मोठा, म्हणजे भंगार. लॉट मिसळून गेला असता तर ते सतरा त्यांच्या लाइनवर पोचले असते, आणि तिथल्या १२५ मध्ये बहुधा एखादाच सापडून लॉट पासही झाला असता. मानकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी नंतर वाचलं: कोष्टकातला आकडा म्हणजे माहीत असलेला खराब माल पाठवायची परवानगी नव्हे.

रात्री दहाला मी ग्राहकाला मेल केला, एक दिवस उशीर होईल, कारणासकट. सकाळी उत्तर आलं, एका शब्दाचं, 'नोटेड'. २९ तारखेला माल गेला, पास झाला. त्या रात्रीनंतर डिस्पॅचच्या कागदावर माझी सही नंतर आणि तपासणीची आधी, असा क्रम केला आहे. टेम्पोची वेळ ज्याच्या डोक्यात असते त्याने मालाचा निर्णय देऊ नये, हे मी स्वतःवरून सांगते.

पाचवा लॉट १३ डिसेंबरला गेला. १८ डिसेंबरला मेल आला: स्वीकृत, पुढील लॉटपासून साधी तपासणी, होल्ड मागे. बरोब्बर सहा महिने. नव्या मुलीचा पगार सोडून एकूण खर्च लाखाच्या आसपास गेला. बंद राहिलेल्या कामाचं नुकसान त्याच्या कितीतरी पट, तो आकडा मी काढला आहे पण इथे लिहीत नाही.

जुना गेज आम्ही टाकला नाही. त्याच्या दांड्याला लाल रंग दिला, 'वापरू नये' अशी चिठ्ठी बांधली आणि कुलपाच्या खणात ठेवला. गो गेजचं त्यानंतरचं कॅलिब्रेशन जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं. त्याची तारीख केबिनच्या दारावर लिहिली, मामांच्या फोनमध्ये टाकली आणि माझ्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली, खर्चाच्या त्याच ओळीत, जी मी कापली होती.